पुतळ्यातून उतरलेला माणूस

परवा जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' पुन्हा पाहिला. २००० सालचा हा चित्रपट, मूळ इंग्रजीत. पहिल्यांदा पाहताना मनात एकच शंका होती, मराठी न येणारा मामुट्टी आपल्याला बाबासाहेब म्हणून पटेल का?

खरं सांगायचं तर, तोवर माझ्यासाठी बाबासाहेब म्हणजे चौकातला पुतळा. निळा कोट, हातात राज्यघटना, वर केलेलं बोट. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला हार. बास.

मामुट्टीने तो पुतळा चालता-बोलता केला. मल्याळी प्रेक्षकांचा हा लाडका नायक मुळात कायद्याचा पदवीधर, सिनेमात येण्याआधी काही काळ वकिलीही केलेला. त्यामुळेच की काय, त्याचे बाबासाहेब आधी युक्तिवाद करतात, मग रागावतात. आणि हा राग बहुतेक वेळा आतच राहतो, नुसता डोळ्यांत दिसतो.

मला सगळ्यात भिडला तो पुणे कराराचा भाग. शाळेत आम्ही शिकलो ते एवढंच, की गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं, करार झाला, प्राण वाचले. पाच मार्कांची टीप! पण ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत. २४ सप्टेंबरला सही झाली तेव्हा प्रांतिक कायदेमंडळांतल्या जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण आपला प्रतिनिधी फक्त आपणच निवडायचा हा हक्क गेला. समोर गांधी (मोहन गोखले, तेही अप्रतिम) मरणाच्या दारात. त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर गावोगावच्या वस्त्यांवर काय ओढवलं असतं?

एक्केचाळीस वर्षांच्या एका माणसावर हे ओझं होतं. मामुट्टीच्या चेहऱ्याकडे बघताना मला ते पहिल्यांदा कळलं. कुणाचे प्राण वाचले ते पाठ होतं. कुणी काय सोडलं, हे कधी विचारलंच नव्हतं.

या भूमिकेसाठी मामुट्टीला १९९८ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ('जख्म'साठी अजय देवगणबरोबर विभागून). असो. पुरस्काराचं एवढं नाही. चौकातून जाताना आता पुतळ्याच्या बोटाआधी चेहऱ्याकडे लक्ष जातं, हे मात्र खरं.