पायांतली भिंगरी : साडेतीनशे वर्षांच्या जागरणाचा इतिहास

१/
दिवसभर दमलेला माणूस रात्री अंथरुणाला पाठ टेकतो. डोळे जड झालेले असतात, पण पाय झोपायला तयार नसतात. पोटऱ्यांच्या आत, कातडीखाली कुठेतरी खोलवर, काहीतरी सरपटू लागते. पाय हलवला की क्षणभर बरे वाटते; स्थिर ठेवला की पुन्हा तेच. अखेर तो उठतो आणि अंधारात येरझारा घालू लागतो. या व्याधीला आज 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात. तिचा, आणि तिच्यावर झोप देणारे औषध शोधण्याच्या धडपडीचा, हा इतिहास.

२/
'पायाला भिंगरी लागणे' हा वाक्प्रचार मराठीत हिंडफिऱ्या माणसासाठी वापरतात. काहीतरी करण्यासाठी हात शिवशिवतात, हेही आपण म्हणतो. या रुग्णांचे पाय तसे शिवशिवतात. पण तो अनुभव सांगताना शब्द अपुरे पडतात. दुखणे म्हणावे तर दुखणे नव्हे, खाज म्हणावी तर खाज नव्हे. पायावर सूज नसते, व्रण नसतो, आणि दिवसा, वैद्यापुढे, बहुधा काहीच होत नसते. पुढच्या तीन शतकांतील बहुतेक गैरसमजांचे मूळ इथे आहे.

३/
१६७२ साली मराठ्यांनी साल्हेरच्या लढाईत मोगलांचा पराभव केला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये टॉमस विलिस या वैद्याचा 'दे अनिमा ब्रुटोरम' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. विलिस पूर्वी ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक होते. नंतर लंडनमध्ये त्यांनी मोठा व्यवसाय उभा केला. मेंदूच्या तळाशी असलेले रक्तवाहिन्यांचे वर्तुळ आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. १६६४च्या त्यांच्या मेंदूविषयक ग्रंथासाठी चित्रे काढणाऱ्यांत क्रिस्टोफर रेन होते. सेंट पॉल्स कॅथीड्रलची आजची वास्तू रचणारे तेच हे रेन.

४/
१६७२च्या ग्रंथात विलिस यांनी अशा रुग्णांची नोंद केली, ज्यांना निजताच हातापायांत उसळ्या येऊ लागतात आणि इतकी तळमळ होते, की बिछाना त्यांना छळाच्या जागेसारखा वाटतो. या व्याधीचे हे सर्वांत जुने स्पष्ट वर्णन मानले जाते. विलिस यांच्या मृत्यूनंतर, १६८५ साली, ते इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचले. त्यातली लक्षणीय गोष्ट अशी की तळमळीचे स्थान विलिस यांनी मज्जातंतूंत शोधले. रुग्णाच्या स्वभावाला त्यांनी दोष दिला नाही.

५/
उपाय म्हणून त्यांच्या हाती लॉडनम होते, म्हणजे अफूपासून केलेले औषध. एका उच्चकुलीन स्त्रीला ते जवळपास तीन महिने रोज दिले गेले. त्यापासून तिला अपाय झाला नाही आणि पुढे ते सोडूनही ती बऱ्यापैकी झोपू लागली, असे विलिस नोंदवतात. त्या स्त्रीचे नाव मात्र नोंदीत नाही. तिची व्याधी विलिस यांना कळली ती तिने सांगितलेल्या रात्रींवरून. तपासून पाहण्याजोगे दुसरे साधन तेव्हा नव्हतेच.

६/
नंतरच्या दोन शतकांत हे वर्णन मागे पडले. १८६१ साली थिओडोर विटमाक या जर्मन वैद्याने व्याधीला लॅटिन नाव दिले : 'अँक्झायटास टिबियारम', म्हणजे नडग्यांची घालमेल. नाव नेमके होते. पण विटमाक यांनी तिची गणना हिस्टेरियात केली. त्या काळी कारण न सापडलेल्या अनेक तक्रारी, विशेषतः स्त्रियांच्या, याच सदरात टाकल्या जात. व्याधीला नाव मिळाले आणि तिच्यावरचा विश्वास गेला.

७/
अमेरिकेत जॉर्ज मिलर बिअर्ड यांनी १८६९ पासून 'न्यूरास्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंचा थकवा, ही संकल्पना लोकप्रिय केली. वेगवान नागरी जीवनामुळे मज्जातंतूंची शक्ती संपते, अशी तिची मांडणी होती. पायांची चुळबुळ तिच्या लांबलचक लक्षणयादीत सहज सामावली. कारण शोधण्याची निकड त्यामुळे उरली नाही. रात्रभर येरझारा घालणाऱ्या माणसाला दिवसा सल्ला मिळे तो मन शांत ठेवण्याचा.

८/
चित्र बदलले ते स्वीडनमध्ये. कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम या मज्जाविकारतज्ज्ञांनी १९४४ साली या व्याधीवर लेख लिहिला आणि १९४५ साली 'रेस्टलेस लेग्ज' हा स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. रुग्णांच्या हकिकती त्यांनी एकमेकींशेजारी ठेवल्या, तेव्हा त्यांतील साम्य उघड झाले. संवेदना खोलवर, बहुधा पोटऱ्यांत, विश्रांतीच्या वेळी सुरू होणारी, चालल्याने शमणारी, संध्याकाळी आणि रात्री बळावणारी. एकमेकांना कधी न भेटलेली माणसे तीच गोष्ट सांगत असतील, तर ती मनाची कल्पना म्हणून बाजूला सारता येत नाही.

९/
ही व्याधी दुर्मीळ नाही, सुमारे ५ टक्के लोकांना ती असावी, असा एकबोम यांचा अंदाज होता. गरोदर स्त्रियांत आणि लोहाची कमतरता असलेल्यांत ती अधिक दिसते, तसेच ती घराण्यात चालत येते, हेही त्यांच्या लक्षात आले. कारण मात्र त्यांनी पायांतील रक्ताभिसरणात शोधले आणि रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे दिली. ते अनुमान पुढे टिकले नाही. वर्णन इतके काटेकोर होते, की ते टिकले.

१०/
१९५३ साली स्वीडनमधीलच नॉर्डलँडर यांनी अशा रुग्णांना शिरेतून लोह दिले आणि बहुतेकांची तळमळ थांबली. त्यांचा तर्क काळाच्या पुढचा होता : रक्तात लोह पुरेसे दिसत असले, तरी शरीराच्या आतील ऊतींत त्याचा तुटवडा असू शकतो. तो तर्क पडताळण्याचे साधन तेव्हा नव्हते. लोहाचा धागा पुढे जवळजवळ सुटला आणि संशोधनाने दुसरी वाट धरली. त्या वाटेचा एक टप्पा मुंबईत आहे.

११/
सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकात फार पूर्वीपासून वापरात आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचे प्रयोग केले आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचे निष्कर्ष मांडले. या लेखाने पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष सर्पगंधेकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले.

१२/
१९५७ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिसर्पिन दिलेले प्राणी पाहिले. ते जागच्या जागी निश्चल झाले होते. त्यांना लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. यातून उलगडले, की डोपामाइन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक द्रव्य आहे आणि हालचालींवरील नियंत्रणाशी त्याचा निकटचा संबंध आहे. १९६०च्या दशकात लेव्होडोपा कंपवातावरील औषध झाले. २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

१३/
त्याच दशकात इटलीतील बोलोन्या येथे एलिओ लुगारेसी आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या रुग्णांच्या स्नायूंचे व मेंदूचे विद्युत-आलेख नोंदवले. झोपेतही रुग्णांचे पाय ठरावीक अंतराने झटके देत होते. रुग्णांनी शतकानुशतके तोंडी सांगितलेल्या तक्रारीची काही अंशी का होईना, कागदावर उमटलेली खूण प्रथमच मिळाली. आलेख काढणाऱ्या सुईला हिस्टेरिया झाला आहे, असे कोणी म्हणू शकत नव्हते.

१४/
१९८२ साली हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. सेव्हकेत अकपिनार या तुर्की मज्जाविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांना कंपवाताचे औषध, म्हणजे लेव्होडोपा, देऊन पाहिले. गुण आला, आणि त्यांनी एका छोट्या पत्राद्वारे ही वार्ता वैद्यकीय जगाला कळवली. पुढे अनेक ठिकाणी तोच अनुभव आला. झोपण्यापूर्वी घेतलेल्या लहानशा मात्रेने, कित्येकदा पहिल्याच रात्री, पाय शांत होत. वर्षानुवर्षे जागलेल्या माणसांना हा चमत्कार वाटला असल्यास नवल नाही.

१५/
या चमत्काराची किंमत हळूहळू दिसू लागली. १९९६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रिचर्ड अ‍ॅलन आणि ख्रिस्तोफर अर्ली यांनी नोंदवले, की लेव्होडोपा घेणाऱ्या त्यांच्या ८२ टक्के रुग्णांत कालांतराने व्याधी उलट वाढली. पूर्वी रात्री येणारी तळमळ दुपारीच येऊ लागली. काहींची ती हातांतही पसरली. मात्रा वाढवली की थोडे दिवस बरे वाटे आणि मग स्थिती आणखी बिघडे. दिलासा देणारे औषधच आजाराला खतपाणी घालत होते.

१६/
तोवर याच मार्गाने काम करणारी नवी औषधे पुढे आली होती. २००५ साली रोपिनिरोल आणि २००६ साली प्रॅमिपेक्सोल या औषधांना अमेरिकेत या व्याधीसाठी मान्यता मिळाली आणि जाहिरातींचा सपाटा सुरू झाला. २००६ साली स्टीव्हन वोलोशिन आणि लिसा श्वार्ट्झ यांनी दाखवून दिले, की वृत्तपत्रे व्याधीचे प्रमाण फुगवून सांगत होती आणि औषधांचे दुष्परिणाम झाकत होती. टीका रास्त होती. पण तिचा अर्थ अनेकांनी सोयीने लावला : हा आजारच औषध कंपन्यांनी शोधला. विलिस यांच्या काळापासूनचे रुग्ण पुन्हा एकदा खोटे ठरू लागले.

१७/
या नव्या औषधांनीही तोच धडा दिला. दीर्घकाळ घेतल्यावर अनेकांची व्याधी बळावली. काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागला, कारण डोपामाइनचा संबंध बक्षिसाच्या ओढीशीही आहे. औषधाने झोप दिली, पण घराची पुंजी गेली, अशी उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. झोपेची किंमत किती असावी, हा प्रश्न या रुग्णांसाठी केवळ तात्त्विक राहिला नाही.

१८/
दरम्यान सुटलेला लोहाचा धागा पुन्हा हाती आला. २००० साली अर्ली आणि सहकाऱ्यांना रुग्णांच्या मेंदू व मणक्याभोवतीच्या द्रवात फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारे प्रथिन, कमी आढळले. २००३ साली जेम्स कॉनर यांच्या गटाने मरणोत्तर मेंदूंचा अभ्यास केला. डोपामाइन तयार करणाऱ्या भागात लोहाची उणीव दिसली. डोपामाइन बनवणाऱ्या विकराला लोह लागतेच. नॉर्डलँडर यांचा तर्क ५० वर्षांनी खरा ठरला. २००७ साली व्याधीशी निगडित जनुकेही सापडली आणि तिच्या आनुवंशिक बाजूला भक्कम आधार मिळाला.

१९/
२०२५ साली अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. डोपामाइनच्या मार्गाने काम करणारी औषधे सरसकट देऊ नयेत, असे त्यांत सुचवले आहे. भर आहे तो लोहाची पातळी तपासण्यावर, योग्य रुग्णांना शिरेतून लोह देण्यावर, आणि गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांसारख्या औषधांवर. काही रुग्णांसाठी अफूवर्गीय औषधांची सावध मुभाही आहे. नॉर्डलँडर यांचे लोह परत आले, आणि मागच्या दाराने विलिस यांची अफूही. (यांतील कोणतेही औषध किंवा लोह वैद्यकीय तपासणीविना घेऊ नये, आणि चालू औषध अचानक बंदही करू नये.)

२०/
हा शेवटचा टप्पा महाराष्ट्राच्या दाराशी येतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के आहे. प्रत्येक रक्तक्षय लोहाअभावी नसतो आणि लोह कमी असलेल्या प्रत्येकीला ही व्याधी होत नाही. तरीही रात्री "जरा पाय चेपून दे गं" म्हणणाऱ्या आजीची किंवा गरोदर सुनेची तक्रार नुसत्या दमणुकीच्या खात्यावर टाकण्यापूर्वी, पाय दुखतात की शिवशिवतात, हे एकदा विचारायला हवे.

२१/
आजही या व्याधीचे निश्चित निदान करणारी रक्ततपासणी नाही, की एखादी प्रतिमा नाही. डॉक्टर प्रश्न विचारतात : पाय हलवण्याची अनावर ओढ होते का? विश्रांतीत ती वाढते का? चालल्याने थांबते का? रात्री बळावते का? आणि दुसऱ्या एखाद्या आजाराने तर हे होत नाही ना, एवढे पडताळतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या अनामिक स्त्रीने आपल्या रात्रींची हकिकत सांगितली होती आणि समोरच्याने ती ऐकून घेतली होती. निदानाची सुरुवात अजूनही तिथूनच होते.

(थ्रेड समाप्त)