कोणाला काय म्हणावे

गोदावरीकाठच्या पुणतांब्यात चांगदेवांची समाधी आहे. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरच्या या गावातून शिर्डीचा फाटा फुटतो, त्यामुळे बहुतेक प्रवासी न थांबताच पुढे जातात. पण मराठी माणसाने एकमेकांशी कसे वागावे-बोलावे याचा इतिहास सांगायचा तर इथे थांबायलाच हवे.

आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. चौदाशे वर्षांचे योगी चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. ‘चिरंजीव’ लिहावे तर समोरचा ज्ञानाने थोर, ‘तीर्थरूप’ लिहावे तर वयाने कोवळा. अखेर कोराच कागद गेला. त्याला आलेले उत्तर म्हणजे ६५ ओव्यांची ‘चांगदेवपासष्टी’. लिहिणारा आणि वाचणारा वेगळे नाहीतच, असे ती सांगते. मग थोरला कोण आणि धाकटा कोण, हा प्रश्नच उरत नाही.

व्यवहारात मात्र तो उरलाच. यादवांचा मंत्री हेमाद्री याच काळातला. कुणाला पत्र कसे लिहावे याचे नियम सांगणारी ‘मेस्तके’ त्याच्या नावावर सांगितली जातात. पुढे मराठेशाहीत ‘राजमान्य राजश्री’, ‘साष्टांग नमस्कार’, ‘दंडवत’, ‘आशीर्वाद’ यांवरून लिहिणाऱ्याची पायरी कळे. शिवाजी महाराजांच्या पत्राखाली ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटे. मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही घुसडू नये, हा तिचा अर्थ.

या रीतीत सौजन्य होते, तसा जाचही होता. तो विसरून जुन्या मायन्यांचे गोडवे गाणे बरे नव्हे. सोनार मंडळी अभिवादनाला ‘नमस्कार’ म्हणू लागली, तेव्हा त्यावर ब्राह्मणांनी हरकत घेतली. प्रकरण मुंबईच्या कंपनी सरकारपर्यंत गेले आणि ९ ऑगस्ट १७७९ रोजी सोनारांनी हा शब्द वापरू नये, असा हुकूम निघाला. हात जोडून म्हणायच्या एका शब्दासाठी सरकारी फर्मान!

महारांच्या वाट्याला ‘जोहार’ आला. गावच्या पाटलासमोर वाकून, अंतर राखून तो घालायचा. विसाव्या शतकात आंबेडकरी चळवळीने तो टाकून दिला. १९३०च्या दशकात कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी ‘जय भीम’ रुजवला. एकाने ‘जय भीम’ म्हटले की दुसराही, वय किंवा हुद्दा न पाहता, ‘जय भीम’च म्हणतो.