टोपलीसाठी जन्मलेली चिठ्ठी : कुकीचा इतिहास

१/ ऑनलाइन दुकानात चपलांचा जोड पाहिला, कार्टमध्ये टाकला आणि विचार बदलून बाहेर पडलात. पुढे आठवडाभर तोच जोड बातम्यांच्या पानावर, धावफलकाशेजारी दिसत राहतो. या पाठलागाला ‘रीटार्गेटिंग’ म्हणतात. त्याचे मूळ १९९४ मध्ये आणि तेही याच कार्टमध्ये सापडते. 🧵

२/ वेब मुळातच विसराळू. प्रत्येक पान मागताना सर्व्हरच्या लेखी तुम्ही नवखेच. वाचनासाठी ते चालून जाई, खरेदीसाठी नाही. दुसरी वस्तू पाहायला जावे, तोवर दुकान पहिली विसरलेले असे.

३/ एमसीआय ही अमेरिकी दूरसंचार कंपनी तेव्हा नेटस्केपकडून ऑनलाइन खरेदीची यंत्रणा घडवून घेत होती. अर्धवट खरेदीच्या नोंदी आपल्या सर्व्हरवर ठेवण्यास तिची तयारी नव्हती. नेटस्केपचा तरुण अभियंता लू मोंटुली याने तोड काढली : नोंदीची चिठ्ठी ग्राहकाच्याच संगणकावर ठेवावी. तीच कुकी. एका संकेतस्थळाची चिठ्ठी दुसऱ्याला वाचता येऊ नये, ही मर्यादाही त्याने घातली.

४/ पण पळवाट उरली. पानावर त्रयस्थ कंपनीची जाहिरात असेल, तर तीही आपली कुकी ठेवू शके. हजारो संकेतस्थळांवर तिच्याच जाहिराती असतील, तर तीच चिठ्ठी सर्वत्र वाचली जाई. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डबलक्लिकचा व्यवसाय याच पायावर वाढला.

५/ इतिहास येथे वळू शकला असता. फेब्रुवारी १९९७ च्या ‘आरएफसी २१०९’ या मानकाने त्रयस्थ कुकी मुळातच बंद ठेवाव्यात, असे सुचवले. त्याच्या दोन लेखकांपैकी एक स्वतः मोंटुली! तरीही नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांच्याही ब्राउझरांनी ते मानले नाही.

६/ अंमल व्हायला दोन दशके लोटली. २०१७ मध्ये अ‍ॅपलच्या सफारीने अशा पाठलागावर कडक निर्बंध आणले. २०१९ मध्ये फायरफॉक्सने माग काढणाऱ्या ज्ञात कुकी अडवल्या. मार्च २०२० मध्ये सफारीने त्रयस्थ कुकींना पूर्ण मज्जाव केला. क्रोमच्या गूगलने २०२० मध्ये दोन वर्षांचा वायदा केला, तो वारंवार लांबवला आणि जुलै २०२४ मध्ये सोडून दिला.

७/ मग पाठलाग थांबला का? नाही, त्याने वाट बदलली. दुकाने आता स्वतःच्या सर्व्हरवरून कुकी ठेवतात आणि ग्राहकाने लिहून दिलेल्या ईमेलचा आधार घेतात. त्या ईमेलचे सांकेतिक रूप, म्हणजे ‘हॅश’, जाहिरात कंपनीकडे जाते. तेथील खात्याशी ते जुळले की तोच चपलांचा जोड पुन्हा समोर. आपण स्वतः दिलेली ओळख ब्राउझर कशी अडवणार?

८/ १९९४ मध्ये अर्धवट खरेदीची नोंद सांभाळणे कंपनीला ओझे वाटले, म्हणून चिठ्ठी आपल्या संगणकात आली. आज तीच नोंद दुकानदार स्वतःच्या सर्व्हरवर जिवापाड जपतो. टोपली अजूनही आपली आहे; तिची आठवण मात्र आपल्या हाती राहिलेली नाही.