गप्प राहणाऱ्याचे काय करायचे?

१८८२ साली मुंबईत टेलिफोन केंद्र सुरू झाले, तेव्हा जोडणी माणूस करून देई. समोरचा गप्प राहिला, तर तो पुन्हा विचारी. यंत्राला हे शिकवावे लागले.

१ एप्रिल १९८६ रोजी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले. त्या काळी घाटकोपर-मुलुंडच्या घरांत तबकडीचे फोन सर्रास असत. तबकडीवर ५ फिरवला की विद्युतप्रवाह पाच वेळा खंडित होई, इतकेच. पण 'एक दाबा' म्हणणाऱ्या यंत्राला स्वर हवे असतात. १ साठी ६९७ आणि १२०९ हर्ट्झ, दोन्ही एकदम. तबकडीत ते नव्हतेच. माणूस निमूटपणे १ फिरवी आणि यंत्राच्या लेखी तो गप्पच राही! बटनांच्या फोनचा खटका 'पल्स'वर असला, तरी हीच गत.

मार्च २००० मध्ये एटी अँड टी, आयबीएम, ल्युसेंट आणि मोटोरोला यांच्या पुढाकाराने व्हॉइसएक्सएमएल ही भाषा आली. तीत या गप्पपणाला नाव आहे : 'नोइनपुट'. न जुळणारे उत्तर म्हणजे 'नोमॅच'. अशा वेळी सूचना पुन्हा ऐकवायची, कॉल माणसाकडे वळवायचा की तोडायचा, हे संहिता लिहिणारा ठरवतो. माझ्या मते खरी सत्ता याच दोन-चार ओळींत असते. भाषा निवडण्याच्या पायरीवर कोणी काहीच दाबले नाही, तर पुढे मराठी ऐकू येईल की इंग्रजी, हेही तिथेच ठरते.

अमेरिकेत पूर्वी 'तबकडीचा फोन असल्यास थांबा' अशी सूचना असे. तिथे गप्प राहणे हेच उत्तर मानले जाई आणि कॉल माणसाकडे जाई.