एका जिल्हा जजचा स्टे सगळ्या अमेरिकेला कसा लागतो? पक्षागणिक बाजू बदलणाऱ्या वादाची माहिती

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी मोठा आदेश काढला की थोड्याच दिवसांत कुठल्या तरी शहरातला एक जज त्याला स्थगिती देतो आणि तो आदेश पन्नासही राज्यांत थांबतो. गेली दहा-बारा वर्षं असं वारंवार घडत आलं आहे. मग कॉफीच्या दुकानापासून सणाच्या जेवणापर्यंत एकच वाद रंगतो: लोकांनी निवडून न दिलेला एक माणूस सगळ्या देशाला कसा काय अडवू शकतो? गंमत अशी, की हा प्रश्न तावातावाने विचारणारे लोक व्हाईट हाऊसमधला माणूस बदलला की बदलतात. काल जो जजला घटनेचा रखवालदार म्हणत होता तोच आज त्याला हुकूमशहा म्हणतो.

२७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने या प्रकाराला लगाम घातला. पण ज्या प्रकरणात हा निकाल आला ते एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या मराठी घरांच्या पाळण्यापर्यंत पोचणारं होतं. म्हणून हा वाद नीट समजून घ्यायला हवा.

हा 'जिल्हा जज' आपल्याकडचा नव्हे

केंद्र सरकारचा कायदा घटनाबाह्य आहे म्हणून बेळगावच्या जिल्हा न्यायालयात जाऊन चालत नाही. त्यासाठी धारवाड खंडपीठ, नाहीतर थेट दिल्ली. अमेरिकेत तसं नाही. तिथे केंद्राची स्वतंत्र न्यायव्यवस्था आहे. तिची पहिली पायरी म्हणजे ९४ फेडरल जिल्हा कोर्टं, त्यावर अपील कोर्टं आणि सगळ्यात वर नऊ न्यायमूर्तींचं सुप्रीम कोर्ट. राष्ट्राध्यक्षांचा आदेश घटनेला धरून आहे की नाही, हे पहिल्याच पायरीवरचा जज ठरवू शकतो.

या जजची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेट मंजुरी देतं आणि ती तहहयात असते. त्यामुळे बातमीत जजच्या नावासोबत त्याला कोणी नेमलं हे आडनावासारखं चिकटतं: 'ओबामांचा जज', 'ट्रम्पचा जज'. २०१८ मध्ये सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी ओबामांचे जज, ट्रम्पचे जज असं काही नसतं, असं जाहीरपणे बजावलं. लोकांची सवय काही गेली नाही.

दुसरी बाजू वकिलांची. बहुतेक मोठे दावे राज्यांचे ॲटर्नी जनरल दाखल करतात, आणि ५० पैकी ४३ राज्यांत हे पद थेट मतदानाने भरलं जातं, पक्षाच्या नावावर. म्हणजे मतदार वाद घालतो ते नुसतं लांबून बघत नाही. दावा कोण ठोकणार, हे त्यानेच मत देऊन ठरवलेलं असतं.

ब्राउन्सव्हिल आणि सिएटल

नोव्हेंबर २०१४ मध्ये ओबामांनी कागदपत्रांविना राहणाऱ्या सुमारे चाळीस लाख लोकांना तात्पुरतं संरक्षण देणारी योजना जाहीर केली. हे लोक अमेरिकन मुलांचे आईबाप होते. टेक्सासच्या पुढाकाराने २६ राज्यं कोर्टात गेली. दावा कुठे लावला? मेक्सिकोच्या हद्दीला टेकलेल्या ब्राउन्सव्हिल गावात, जज अँड्र्यू हेनन यांच्यासमोर. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांनी योजना देशभर थांबवली. सुप्रीम कोर्टात ४-४ अशी बरोबरी झाली आणि योजना कायमची गेली. तेव्हा रिपब्लिकन मतदार खूश होता. 'एक जज सगळ्या देशाला कसा अडवतो' हा सवाल डेमोक्रॅट मतदाराचा होता.

दोन वर्षांत पारडं फिरलं. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली. आठवड्याभरात सिएटलचे जज जेम्स रोबार्ट यांनी ती देशभर रोखली. रोबार्ट यांना नेमलं होतं रिपब्लिकन बुश यांनी, पण ट्रम्प यांनी त्यांची 'तथाकथित जज' म्हणून संभावना केली. आता विमानतळांवर वकिलांचं स्वागत करणारे डेमोक्रॅट होते आणि जजच्या अधिकाराबद्दल शंका काढणारे रिपब्लिकन. २०१८ मध्ये सुधारित बंदी सुप्रीम कोर्टाने ५-४ ने उचलून धरली. त्या निकालात न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी अशा देशव्यापी मनाई हुकमांना मुळात आधार आहे का, असा प्रश्न लिहून ठेवला. सात वर्षांनी तोच प्रश्न निकालाचं केंद्र बनला.

अमारिलोचा एकच जज

बायडन यांच्या काळात दावे परत टेक्सासला गेले, आणि इथे खरी मेख दिसते. टेक्सासच्या अमारिलो शहरात दावा लावला की तो जवळपास हमखास एकाच जजकडे जायचा, ट्रम्प यांनी नेमलेल्या मॅथ्यू काझमारिक यांच्याकडे. चिठ्ठी टाकून जज ठरणं वगैरे नावापुरतंच. आपल्याकडे वकील मंडळी 'बेंच बघून' अर्ज करतात म्हणतात, त्याची ही परमावधी.

७ एप्रिल २०२३ रोजी काझमारिक यांनी गर्भपाताच्या मिफेप्रिस्टोन या गोळीची मान्यता स्थगित करण्याचा आदेश दिला. ही मान्यता २००० सालची, म्हणजे तेवीस वर्षं जुनी. त्याच दिवशी वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनच्या जजने नेमका उलटा आदेश दिला: १७ राज्यांत आणि राजधानीत ही गोळी आहे तशी उपलब्ध ठेवा. एका सरकारला एकाच दिवशी दोन विरुद्ध आदेश! सुप्रीम कोर्टाने दोन आठवड्यांत काझमारिक यांचा आदेश रोखला, आणि जून २०२४ मध्ये दावेदारांना दावा लावायचा अधिकारच नव्हता म्हणून तो एकमताने फेटाळला. राज्यभर किंवा देशभर परिणाम करणाऱ्या दाव्यांसाठी जज सोडतीने ठरवा, असं धोरण न्यायालयीन परिषदेने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. ते सक्तीचं नव्हतं. अमारिलो ज्या जिल्ह्यात येतं तिथल्या जजांनी पद्धत बदलायला नकार दिला.

सत्तेतल्या सरकारला मात्र हे आदेश नेहमीच खुपतात. बायडन सरकारच्या वकिलांनीही सुप्रीम कोर्टाकडे त्यांना मर्यादा घालण्याची विनंती केली होती. डेमोक्रॅट समर्थकांना आज हे आठवण करून दिलं तर आवडत नाही.

पाळण्यापर्यंत आलेला आदेश

२० जानेवारी २०२५ रोजी, शपथ घेतली त्याच दिवशी, ट्रम्प यांनी जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाबद्दल आदेश काढला. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेलं मूल नागरिक, हे तिथल्या घटनेच्या १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीत आहे. १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. नव्या आदेशानुसार ३० दिवसांनंतर जन्मणाऱ्या मुलाची आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल, तर मुलाला नागरिकत्व नाही.

'तात्पुरता व्हिसा' हे शब्द भारतीयांसाठी मोठे. एच-वन-बी मंजुऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के भारतीयांच्या असतात. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि एका देशाला त्यातली साधारण ७ टक्केच. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची आहे. लग्न, घराचं कर्ज, मुलं, सगळं त्या रांगेत उभं असतानाच होतं. न्यू जर्सीतलं एखादं मराठी जोडपं पंधरा वर्षं कायदेशीर राहून, कर भरूनही या आदेशाच्या कचाट्यात येणार होतं. (भारतातही १ जुलै १९८७ पूर्वी इथे जन्मलेला जवळपास प्रत्येक जण नागरिकच होता. नंतर आईबापांच्या नागरिकत्वाची अट आली. तो बदल संसदेने कायद्याने केला, एका सहीने नव्हे.)

तीनच दिवसांत सिएटलचे जज जॉन कूनौर यांनी आदेश थांबवला आणि तो उघडउघड घटनाबाह्य असल्याचं सांगितलं. त्यांची नेमणूक रेगन यांची, तेव्हा 'डेमोक्रॅटांचा जज' म्हणायची सोय नव्हती. मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्समधूनही देशव्यापी मनाई हुकूम निघाले. एकूण २२ डेमोक्रॅट राज्यांनी दावे लावले होते.

२७ जूनचा निकाल

सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, पण चलाखीने. आदेश घटनेत बसतो का, हे त्यांनी विचारलंच नाही. फक्त देशव्यापी मनाई हुकूम बंद करा म्हणाले. ६-३ ने तेच झालं. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी लिहिलं, की १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने जजांना असा अधिकार बहुधा दिलेलाच नाही, आणि दिलासा दावेदारांपुरता हवा. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी मत कोर्टात वाचून दाखवलं: उघड बेकायदा आदेशही मग दावा न लावणाऱ्यांवर चालू राहणार.

हद्दीवर राहणाऱ्यांना यातली अडचण चटकन कळेल. न्यू जर्सी दावेदार राज्य होतं, डेलावेअर नदीपलीकडचं पेनसिल्व्हेनिया नव्हतं. टेक्सासही नव्हतं. पुलाच्या अलीकडच्या दवाखान्यात जन्मलेलं मूल अमेरिकन आणि पलीकडचं नाही, अशी वेळ येण्याची भीती काही आठवडे खरीखुरी होती. 'सगळ्या देशाला एक आदेश नको' हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो. पण नागरिकत्वासारखी गोष्ट राज्यागणिक बदलू लागली तर काय, याचं पटणारं उत्तर त्या बाजूने फारसं आलं नाही. उलट बाजूने अमारिलोचं उत्तर आलेलं नाही, हेही खरं.

वाट अखेर प्रातिनिधिक दाव्यातून निघाली. ती निकालाने मोकळी ठेवली होती. १० जुलै २०२५ रोजी न्यू हॅम्पशायरचे जज जोसेफ लाप्लांट यांनी, म्हणजे पुन्हा बुश यांनी नेमलेल्या जजने, देशभरातल्या अशा बाळांना एकच गट मानून आदेश रोखला. ५ डिसेंबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने आदेशाच्या वैधतेचा मूळ प्रश्न सुनावणीला घेतला.

जूनच्या निकालाने आणखी एक दार उघडं सोडलं. सरकारी खात्याचा नियम १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याखाली रद्द करता येतो का, यावर कोर्ट बोललं नाही. अमारिलोचा गोळीबाबतचा आदेश याच कायद्याखाली निघाला होता. पुढचा डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष आला की टेक्सासचे वकील याच दारातून आत शिरतील, आणि तेव्हा एका जजच्या अधिकाराचं गुणगान कोण करेल हे दोन्हीकडच्या मतदारांना आताच ठाऊक आहे.