शनवार तेली आणि विसाव्याचे शास्त्र

आपल्याकडे माणसाला नाव मिळते ते बहुधा त्याच्या कामावरून. सोने घडवणारा तो सोनार, मडकी घडवणारा तो कुंभार, तेल गाळणारा तो तेली. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर, पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात, एका समाजाला लोकांनी जे नाव दिले त्यात कामाच्या जोडीला काम न करण्याचाही उल्लेख होता. 'शनवार तेली' हे ते नाव. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली, इतकाच भेद शेजाऱ्यांना दिसत होता. या शनवार तेल्यांना आज आपण बेने इस्राएल म्हणून ओळखतो. हे मराठी बोलणारे यहुदी होत.

त्यांची परंपरागत कथा अनेक वाचकांना ठाऊक असेल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांची प्रेते नवगावीच पुरण्यात आली, आणि वाचलेल्यांनी गावोगाव पांगून तेलाचा धंदा धरला. हे केव्हा घडले याविषयी विद्वानांत एकमत नाही. पोथ्या समुद्रात गेल्या, असे परंपरा सांगते. उरले ते स्मरणातले थोडे: मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, काही सण, 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द आणि शनिवारचा विसावा. रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी आडनावे घेऊन, आपल्यासारखीच भाषा बोलत, आपल्यासारखीच लुगडी नेसत हा समाज शतकानुशतके नांदला. एवढ्या अल्प शिदोरीवर तो विरघळून कसा गेला नाही, हा इतिहासाचा खरा प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग त्या शनिवारात सापडतो, असे आम्हांस वाटते.

यहुदी धर्मशास्त्रात शब्बाथ म्हणजे केवळ सुटी नव्हे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत कोणते काम करू नये, याचा त्या शास्त्राने फार बारकाईने विचार केला आहे. इसवी सन २०० च्या सुमारास रब्बी यहूदा हानासी यांनी संकलित केलेल्या 'मिश्ना' या ग्रंथात निषिद्ध कर्मांचे ३९ प्रकार सांगितले आहेत. नांगरणे, पेरणे, दळणे, विणणे, गाठ मारणे, विस्तव पेटवणे, तो विझवणे या कर्मांच्या ओळीत घराशी थेट संबंध असलेली तीन कर्मे येतात: बांधणे, पाडणे आणि हातोड्याचा शेवटचा घाव घालणे. हा शेवटचा घाव म्हणजे अपुरी वस्तू पुरी करणारी कृती. अर्थात् मोडकी वस्तू पुन्हा कामाची करणे हेही याच पंक्तीत बसते.

ही यादी कोठून आली? 'निर्गम' या ग्रंथात देवाचे निवासस्थान, म्हणजे पवित्र मंडप, उभारण्याच्या आज्ञा आणि शब्बाथची आज्ञा एकमेकींच्या शेजारी आल्या आहेत. त्यावरून शास्त्रकारांनी असे अनुमान काढले की मंडपाच्या उभारणीत जी जी कामे लागली ती ती शब्बाथला वर्ज्य. खुद्द देवाचे घर बांधण्याचे कामही ज्या दिवशी थांबवावयाचे, त्या दिवशी माणसाने आपले घर बांधण्याची सवलत कशी मागावी?

तपशिलात शिरले की हे शास्त्र आपल्या परिचयाच्या घरांत हिंडू लागते. छपरातून पाणी गळत असेल तर शब्बाथला छप्पर दुरुस्त करता येत नाही. मात्र गळतीखाली भांडे ठेवण्यास मिश्नाची स्पष्ट अनुमती आहे. मातीची जमीन झाडावी की नाही, यावर तालमूदात चर्चा आहे, कारण झाडताना खळगे भरून जमीन सपाट होते आणि जमीन सपाट करणे हे एक प्रकारचे बांधकामच. पेटीचे झाकण निसटले तर ते हलवता येते, परंतु घराचे निखळलेले दार हलवता येत नाही. झरोक्याला बोळा लावणे म्हणजे भिंतीत भर घालणे काय, यावर रब्बी एलिएझर आणि इतर पंडित यांच्यात मतभेद होता. पंडितांनी बोळा लावण्यास अनुमती दिली. गाठींपैकी उंटवाल्याची आणि खलाशाची पक्की गाठ निषिद्ध ठरली. सारवलेली जमीन, कौलांतून ठिबकणारा आषाढ आणि सुंभाने बांधलेली झापे ज्यांनी पाहिली आहेत, त्या मराठी वाचकाला हे प्रश्न दूरदेशीचे वाटणार नाहीत.

आता घाण्याकडे वळू. तेल पिळणे हे शास्त्राने मळणीच्या वर्गात धरले आहे, म्हणून ते निषिद्धच. तथापि येथे एक मौजेची गोष्ट आहे. प्राचीन पॅलेस्टाइनमध्ये जैतुनाचे तेल जड तुळईच्या दाबाने गाळीत असत. शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी तुळई चढवून ठेवावी आणि मग शब्बाथभर तेल आपोआप ठिबकू द्यावे, यास मिश्नाची हरकत नाही. या मुद्द्यावर शम्माय आणि हिल्लेल या परस्परविरोधी परंपरांचेही एकमत होते. माणूस विसावला म्हणजे पुरे, दगडालाकडाला विसाव्याची सक्ती नाही.

कोकणातला घाणा मात्र तुळईच्या भाराने चालत नव्हता. तो बैल फिरवीत असे. आणि बैलाविषयी आज्ञा निःसंदिग्ध आहे. 'अनुवाद' या ग्रंथात शब्बाथचा विसावा कोणाकोणाला द्यावयाचा हे सांगताना मुलगा, मुलगी, दास, दासी यांच्याबरोबर बैल आणि गाढव यांचाही नावाने उल्लेख आहे. स्वतःच्या जनावराला त्या दिवशी कामाला जुंपू द्यावयाचे नाही, मग हाकणारा कोणीही असो. म्हणून जैतुनाच्या तेल्याला जी वाट मोकळी होती ती तीळ-खोबऱ्याच्या तेल्याला नव्हती. आठवडाभर करकरणारा घाणा शनिवारी गप्प होई आणि ते गप्प होणे साऱ्या गावाला ऐकू येई. शेती किंवा सुतारकी पत्करली असती तर त्यांचा विसावा कदाचित कोणाच्या ध्यानीही आला नसता. कोकणातील या माणसांजवळ मिश्ना नव्हती, तालमूद नव्हता. आज्ञेचे मूळ तेवढे स्मरणात होते. धंद्याच्या स्वरूपामुळे ते स्मरण चारचौघांत उघड झाले आणि शेजाऱ्यांनी त्यालाच नाव देऊन टाकले. ज्याला आपले मूळ विसरण्याचा धोका आहे त्याला शेजाऱ्याने रोज त्याच नावाने हाक मारावी, याहून चांगली राखण कोणती?

पुढे कोचीनकडील दावीद रहाबी यांनी या समाजाची यहुदी म्हणून ओळख पटवली, असे परंपरा सांगते. त्यांनी स्त्रियांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवले आणि त्यांनी पंख व खवले असलेले तेवढेच निवडून घेतले, ही कथा प्रसिद्ध आहे. १७९६ साली कंपनी सरकारच्या फौजेतील सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. लोक त्याला मशीद म्हणत. १८३२ मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. १८४६ मध्ये वल्हांडणाच्या रात्रीची 'हग्गादा' मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. हरवलेले शास्त्र या समाजाकडे असे परत आले, आणि ते मराठीच्या हाताला धरून आले, ही गोष्ट आपण अभिमानाने लक्षात ठेवावी. हाईम सामुएल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो ग्रंथरूपाने १९३७ मध्ये तेल अवीव येथे निघाला.

ज्यांची ओळख शनिवारने राखली, त्यांच्याकडे पुढे शनिवारच्या देशातच पुरावा मागितला गेला. १९४८ नंतर बेने इस्राएल कुटुंबे मोठ्या संख्येने इस्राएलला गेली. तेथे विवाहाच्या प्रसंगी त्यांच्या वंशाची चौकशी व्हावी, असा आदेश धर्मपीठाने काढला. तेव्हा त्यांनी निदर्शने केली, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने व शासनाने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य केले. कोकणातील निरक्षर कुणब्याला जे एका नावात कळले होते, ते विद्वानांना कळण्यास इतका खटाटोप पडला! इकडे महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तोवर भारतात राहिलेल्यांची संख्या काही हजारांवर आली होती.

हा इतिहास आम्ही चंदिगडात बसून का उगाळावा, असे कोणी विचारील. येथे प्रार्थनामंदिर नाही. जवळचे म्हणावे तर दिल्लीला हुमायून रोडवर १९५६ मध्ये बांधलेले यहूदा हयाम मंदिर. परंतु प्रश्न मंदिराचा नाही, शनिवारचा आहे. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत १९८५ पासून पाच दिवसांचा आठवडा आला आणि आम्हां कारकुनांना शनिवार मोकळा मिळाला. त्या शनिवाराचे आम्ही काय केले? गळका नळ, फुगलेली दारे, उडालेला रंग, भिंतीत ठोकावयाचे खिळे हे सारे आम्ही त्या दिवसासाठी राखून ठेवतो. १९५१ पासून वास्तुशास्त्रज्ञांनी कागदावर रेखून उभारलेल्या या नगरात शनिवारी सकाळी एखाद्या सेक्टरातून फिरावे, तर घरोघर हातोडा आणि भोके पाडण्याचे यंत्र ऐकू येते. मिश्नाने वर्ज्य केलेल्या त्या तीन कर्मांचाच जणू आम्ही उत्सव मांडतो.

यहुदी शास्त्राचा आग्रह अतिरेकी आहे, असा आक्षेप घेता येईल. वीज आल्यावर तर तो आणखी पुढे गेला. 'हझोन ईश' या नावाने ओळखले जाणारे रब्बी अव्राहाम करेलिट्झ (१८७८–१९५३) यांनी विजेचे मंडल जोडणे हेही बांधकामच ठरवले. रब्बी श्लोमो झलमान आउअरबाख यांनी ते मान्य केले नाही. जे दारासारखे पुन्हा पुन्हा उघडते-मिटते त्याला बांधकाम कसे म्हणावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. बाबिलोनच्या तालमूदात मार झुत्रा यांची कथा आहे. शब्बाथच्या हद्दीबाहेर परधर्मी मक्तेदारांकडून त्यांचा वाडा बांधवून घेतला गेला. नियमात ते बसत होते. तरीही भेटीस आलेले दोन पंडित त्या वाड्यात शिरले नाहीत.

पण त्याच शास्त्राने आपली मर्यादाही आखली आहे. घर कोसळून कोणी ढिगाऱ्याखाली सापडला असेल, तो तेथे आहे की नाही, जिवंत आहे की मृत याची शंका असेल, तरी शब्बाथला ढिगारा उपसलाच पाहिजे. माणूस जिवंत सापडला तर उपसत राहावे. मृत सापडला तर तेथेच थांबावे. म्हणजे जिवासाठी सर्व नियम बाजूला सरतात. सोयीसाठी मात्र सरत नाहीत. जीव आणि सोय यांत आपण सारखा गोंधळ करतो, म्हणून हा विवेक मोलाचा वाटतो.

गळतीखाली भांडे ठेवा, छपराला हात लावू नका, या नियमात आम्हांस एक मोठा अर्थ दिसतो. आठवड्यातून एक दिवस घर जसे आहे तसे चालवून घ्यावे. त्या दिवशी घर दुरुस्तीची वस्तू म्हणून पाहू नये, त्यात राहावे. नवगावच्या किनाऱ्यावर सर्वस्व गमावलेल्या माणसांना घरे उभी करण्याची निकड आपल्याहून निश्चितच अधिक होती. तरीही त्यांच्या परंपरेने सातवा दिवस सोडला नाही, आणि त्या सोडून दिलेल्या कामातूनच त्यांचा समाज टिकला. आम्हांला शब्बाथ नाही व त्याची आज्ञाही नाही. परंतु येत्या शनिवारी एखादा खिळा ठोकावयाचा राहिला, तर फारसे बिघडणार नाही, एवढे तरी आपण या शनवार तेल्यांकडून शिकावयास हरकत नसावी.