मुरंबा ते ‘परम’ : डॉ. विजय भटकर आणि आपला वऱ्हाड

मूर्तिजापूर जंक्शन ठाऊक नाही असा आपल्या बॅचमध्ये कोणी नसेल. अकोला आणि बडनेऱ्याच्या मधले हे स्टेशन. येथून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी आपली ‘शकुंतला’ धावत असे. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने हा अरुंद रूळमार्ग टाकला तो प्रवाशांच्या प्रेमापोटी नव्हे, कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस जिनात जायचा, सरकी निघायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांकडे रवाना व्हायच्या. त्याचे कापड होऊन परत आले की भाव दुसरेच कोणी ठरवलेला असायचा. माल आपला आणि कसब परक्याचे, हा वऱ्हाडचा जुना हिशेब.

याच मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या गावी ११ ऑक्टोबर १९४६ रोजी विजय पांडुरंग भटकर यांचा जन्म झाला. देशाच्या पहिल्या महासंगणकाच्या उभारणीचे नेतृत्व त्यांनी केले. ते आपल्या शाळेचे विद्यार्थी नव्हते, तरीही या स्मरणिकेत त्यांच्यावर लिहावेसे वाटले. त्यांच्या कामाने हा जुना हिशेब एकदा तरी उलटा करून दाखवला, आणि त्यातून शाळांनी व माजी विद्यार्थ्यांनी घेण्यासारखे बरेच आहे.

त्यांचा जन्म झाला तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होता. स्वातंत्र्य आले, १९५६ मध्ये आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. ते दिवस खेड्यातल्या मुलांसाठी शिक्षणाची दारे उघडण्याचे होते. डॉ. पंजाबराव देशमुखांनी शेतकऱ्यांच्या पोरांसाठी अमरावतीत शिक्षणसंस्था उभी केली होती. शाळेचा उंबरठाही न चढलेले गाडगेबाबा याच मुलखात कीर्तनातून सांगत होते की एक वेळ उपाशी राहा, पण पोरांना शिकवा. नागपूरचे विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झाले आणि भटकर तेथूनच १९६५ मध्ये अभियंता झाले. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७२ मध्ये दिल्लीच्या आयआयटीतून डॉक्टरेट. त्या काळी तेथून विमानाने थेट परदेश गाठण्याची वाट मळलेली होती. भटकर देशातच राहिले. सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यात आणि नंतर तिरुवनंतपुरमच्या संशोधन केंद्रात संचालक म्हणून त्यांनी काम केले.

ऐंशीच्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी आणि वैज्ञानिक संशोधनासाठी महासंगणक हवा होता. अमेरिकेच्या क्रे कंपनीची यंत्रे त्यात अग्रेसर होती. बऱ्याच वाटाघाटींनंतर अमेरिकेने एक यंत्र मान्सूनच्या अंदाजासाठी दिले, तेही कमी क्षमतेचे आणि देखरेखीच्या अटींसह. अधिक शक्तिशाली यंत्राला परवानगी मिळाली नाही. मार्च १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि एक्केचाळीस वर्षांच्या भटकरांकडे तिची धुरा आली. मुदत तीन वर्षे, रक्कम सुमारे ३० कोटी रुपये.

क्रे कंपनीची वाट अशी, की एकच अतिवेगवान आणि अतिमहाग यंत्र बनवायचे. तेवढ्या पैशात आणि वेळात ते आपल्याला साधणारे नव्हते. पुण्याच्या चमूने दुसरी वाट धरली. अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडायचे आणि एकच काम सगळ्यांना वाटून द्यायचे. याला समांतर संगणन म्हणतात.

आपल्याला हे वावरातल्या उदाहरणाने लवकर कळेल. दहा बाया एक वावर दहा तासांत वेचतात, तर शंभर बाया एका तासात वेचतील, असे गणिताचे पुस्तक म्हणते. वेचणीचा हंगाम पाहिलेला माणूस त्यावर हसेल. ओळी नीट वाटून द्याव्या लागतात, नाहीतर दोघी एकाच ओळीत आणि तिसरी ओळ तशीच पांढरी. शेवटी सगळ्यांचा कापूस एकाच काट्यावर मोजायचा असेल तर तेथे रांग लागते आणि वाचवलेला वेळ रांगेत जातो. समांतर संगणकाचे दुखणे नेमके हेच. प्रक्रियक वाढवणे सोपे. काम कसे वाटायचे, एकाचे उत्तर दुसऱ्यापर्यंत वेळेवर कसे पोहोचवायचे आणि कोणालाही रिकामे कसे बसू द्यायचे नाही, हे अवघड.

१९९० मध्ये झुरिचच्या महासंगणक प्रदर्शनात या यंत्राचा नमुना चाचणीला उतरला. ‘परम’ जगात दुसरा आला असे अनेक लेखांत वाचायला मिळते. नेमके सांगायचे तर त्या प्रदर्शनात चालवून दाखवलेल्या यंत्रांत तो एका अमेरिकन यंत्रापाठोपाठ दुसरा होता. तेवढेही थोडके नव्हते. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ जाहीर झाला. २५६ प्रक्रियक जोडले की सेकंदाला कमाल सुमारे शंभर कोटी गणिती क्रिया करण्याची त्याची क्षमता होती.

‘आम्ही सारे शून्यापासून केले’ असेही कधी कधी सांगितले जाते. ‘परम ८०००’मधले प्रक्रियक ट्रान्सप्युटर जातीचे होते आणि ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे होते. ते बाजारात मिळत होते. त्यांना जोडण्याची रचना आणि त्यांच्याकडून काम करून घेणारी ‘पारस’ ही आज्ञावली बाजारात मिळणारी नव्हती. ती पुण्यात तयार झाली, अनेक तरुण अभियंत्यांच्या हातून. यात कमीपणा कसला? उलट आपल्या जुन्या हिशेबाशी ताडून पाहा. या वेळी कच्चा माल इंग्लंडहून आला, कसब आपले लागले आणि तयार यंत्र मॉस्कोच्या संस्थेत गेले. रुईच्या गाठी भरून गाड्या पाहणाऱ्या मुलखाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पुढे १९९८ मध्ये ‘परम १००००’ आला, सेकंदाला शंभर अब्ज क्रियांच्या क्षमतेचा. भटकर नंतर सी-डॅकमधून बाहेर पडले, पण ‘परम’ हे नाव आजच्या महासंगणकांनाही दिले जाते.

त्यांच्या कारकिर्दीतले दुसरे एक काम आपल्या रोजच्या वापरात आहे आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान कानपूरच्या आयआयटीत जन्मले आणि सी-डॅकमध्ये वाढले. त्या प्रवासात ठरलेल्या ‘इस्की’ या प्रमाण संकेतावर पुढे जगभरच्या युनिकोडमधली देवनागरीची मांडणी बेतली गेली. आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी जे मराठी सुविचार धडकतात, त्यांच्या मुळाशीही हीच मांडणी आहे!

महाराष्ट्र भूषण, २००० मध्ये पद्मश्री आणि २०१५ मध्ये पद्मभूषण, नालंदा विद्यापीठाचे कुलपतिपद, असे मान त्यांना मिळाले. मुरंब्याचा मुलगा मात्र घडला तो नागपूर, बडोदा, दिल्ली, तिरुवनंतपुरम, पुणे येथे. आपल्यापैकी किती जण अमरावती-अकोल्यात उरले, हे या स्मरणिकेच्या मागच्या पत्त्यांच्या यादीत दिसेलच. कापसासारखीच आपली माणसेही बाहेर गेली.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. मेळावा झाला की आपण शाळेला संगणक भेट देतो, फीत कापली जाते, फोटो निघतो. दोन वर्षांनी त्यांतले किती चालू असतात, हे आपल्या शिक्षकांना विचारावे. यंत्र विकत मिळते, यंत्राकडून काम करून घेणारे डोके विकत मिळत नाही, हे ‘परम’च्या इतिहासाने दाखवले आहे. या खेपेला दहा संगणकांऐवजी पाचच द्यावेत आणि उरलेल्या निधीतून ते मराठीतून शिकवणाऱ्या एका चांगल्या शिक्षकाचे तीन वर्षांचे मानधन उभे करावे. ‘परम’ला मुदत तेवढीच मिळाली होती.